शोध घेतला, लागला की लावला?

पत्र:

मॅडम, नमस्कार.
माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. आता नोकरीत दिवसभर इंग्रजी ईमेल लिहावे लागतात. मागच्या महिन्यात वरिष्ठांनी एक जुनी फाइल मागितली. मी उत्तर पाठवलं, 'आय ॲम फाइंडिंग द फाइल.' त्यांनी उलट विचारलं, 'सापडली की नाही, ते नक्की सांगा.' मी शोधतेय असंच तर लिहिलं होतं! त्याच आठवड्यात माझ्या सातवीतल्या मुलीच्या निबंधात 'न्यूटन इन्व्हेंटेड ग्रॅव्हिटी' या वाक्याखाली लाल रेघ आली. ती म्हणाली, 'आई, न्यूटनने शोध लावला ना? मग चुकलं काय?' मला सांगता आलं नाही. शब्दकोश काढून बसले, तर सर्च, सीक, फाइंड, डिस्कव्हर, डिटेक्ट, एक्सप्लोअर, सगळ्यांपुढे फिरून फिरून 'शोधणे'च. या शब्दांची अर्थासह यादी द्याल का? पाठ करून टाकीन. मुलीसमोर गप्प बसावं लागलं, ते मनाला फार लागलं.
— एक आई

उत्तर:

ताई, नमस्कार.

यादी देत नाही, रागावू नका. अशी यादी मी स्वतः एके काळी वहीत उतरवून पाठ केली होती. लिहायला बसलं की तिचा काडीचा उपयोग व्हायचा नाही. डावीकडे दहा शब्द आणि उजवीकडे दहा वेळा 'शोधणे' असेल तर हाती काय लागणार? तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला तरी वाटतं, अडचण तुमच्या इंग्रजीत नाहीच. शब्दकोशाने 'शोध' तेवढा दिला आणि शोधामागचं क्रियापद सोडून दिलं. मराठीत सगळा अर्थ त्या क्रियापदात असतो.

पाहा ना. पोलीस शोध घेतात. हरवलेल्या माणसाचा शोध लागतो. शास्त्रज्ञ शोध लावतो. घेणे, लागणे, लावणे. 'न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध घेतला' असं कोणी म्हटलं तर तुमची मुलगीसुद्धा हसेल, गुरुत्वाकर्षण काय हरवलं होतं का म्हणून! म्हणजे फरक तुम्हा दोघींना पक्का ठाऊक आहे. घेतला जातो तो शोध म्हणजे सर्च, लुक फॉर, सीक, हंट. लागतो तो फाइंड. लावला जातो तो डिस्कव्हर किंवा इन्व्हेंट. या शेवटच्या ठिकाणी मात्र मराठी दोन गोष्टी एकाच शब्दात बांधते आणि तुमची मुलगी नेमकी तिथेच अडकली. तिच्याकडे येते, आधी तुमची फाइल.

तुम्ही घरात काय म्हणता? 'मी किल्ली शोधतेय.' आणि मिळाल्यावर? 'मला किल्ली सापडली.' पहिल्या वाक्यात 'मी' आहे, दुसऱ्यात 'मला'. शोधण्याचे कष्ट तुमचे, म्हणून तुम्ही कर्ता. सापडणं मात्र तुमच्या हातात नाही. ते किल्लीने करायचं, आपल्याला ते घडतं. 'मी सापडले' म्हटलं तर अर्थच उलटा होतो, कोणीतरी तुम्हाला पकडलं! इंग्रजीत ही सोय नाही. तिथे शोधणाराही 'आय' आणि ज्याला सापडलं तोही 'आय'. सगळा भार एकट्या क्रियापदावर पडतो. म्हणून इंग्रजी माणूस लुक फॉर आणि फाइंड यांची गल्लत कधी करत नाही. ती केली तर त्याच्याकडे दुसरी खूणच उरत नाही. तुमच्या वरिष्ठांनी 'फाइंडिंग' वाचलं, त्यांच्या कानाला ते 'सापडते आहे' असं ऐकू आलं आणि ते गोंधळले. 'मला फाइल सापडते आहे' हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. मराठीतही ते कानाला खटकतं, कारण सापडणं एका क्षणात होतं, ते चालू राहत नाही.

नकारात मात्र मराठी आपल्याला फसवते. 'सापडत नाहीये' हे आपण सर्रास म्हणतो आणि त्यावरून 'आय ॲम नॉट फाइंडिंग इट' लिहून बसतो. इंग्रजीत तिथे 'आय कान्ट फाइंड इट' म्हणतात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या लेखनात ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, चांगल्या इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांच्या लेखनातही.

'फाइंडिंग' कुठेच चालत नाही असं मात्र समजू नका. 'आय ॲम फाइंडिंग इट डिफिकल्ट' हे अगदी बरोबर आहे, कारण तिथे अर्थ 'मला जड जातंय' असा आहे. 'आय फाउंड द बुक डल' म्हणजे मला पुस्तक कंटाळवाणं वाटलं. न्यायालयाने एखाद्याला 'फाउंड गिल्टी' म्हणणं म्हणजे न्यायालयाला तो दोषी आढळला. अहवालातल्या 'फाइंडिंग्ज' म्हणजे अभ्यासकांना जे दिसून आलं ते. सापडलं, वाटलं, आढळलं, जड गेलं, दिसून आलं. प्रत्येक ठिकाणी मराठीत 'मला', 'न्यायालयाला', 'अभ्यासकांना' येतंय, लक्षात आलं का? मराठी वाक्य मनात 'मला'ने सुरू झालं, तर फाइंड जवळपास असतो. 'मी'ने सुरू झालं, तर लुक फॉर. एवढं धरून चाललात तरी तुमचे बहुतेक ईमेल सुधारतील.

फाइंडला 'आउट' जोडलं की वस्तू जाते आणि माहिती येते. किल्ली फाइंड करायची, गाडी किती वाजता सुटते ते फाइंड आउट करायचं. 'सापडलं'च्या जागी 'कळलं' बसत असेल तर आउट लावा. 'आय फाउंड आउट माय कीज' म्हणजे किल्ल्या मला कळल्या, ते चालणार नाही. आणि एखादा माणूस 'वॉज फाउंड आउट' असं वाचलंत तर त्याचं बिंग फुटलं असं समजा.

आता सर्च. या शब्दाने मला एकदा फार वाईट अनुभव दिला आहे. मी तेव्हा नुकतीच अनुवादाची कामं घेऊ लागले होते. एक वयस्कर गृहस्थ घरातून निघून गेले होते. त्यांना स्मृतिभ्रंश होता. मूळ मराठी बातमीत वाक्य होतं, 'पोलिसांनी रात्रभर आजोबांना शोधलं.' मी इंग्रजीत लिहिलं, 'द पोलीस सर्च्ड द ओल्ड मॅन ऑल नाइट.' तसंच छापून आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. आजोबा तोवर सुखरूप घरी पोचले होते, पण मुलाचा आवाज कापत होता. 'माझ्या वडिलांची झडती कशासाठी घेतली? त्यांनी काय केलं होतं?' मी वाक्य पुन्हा वाचलं आणि माझे हातपाय गार पडले. एक 'फॉर' राहून गेला होता.

नुसतं सर्च म्हणजे झडती. सर्च फॉर म्हणजे शोध. मराठीत हे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि दोन्ही नित्य वापरातले. झडती खोलीची, खिशाची, सामानाची, माणसाच्या अंगाची. शोध वस्तूचा, हरवलेल्या माणसाचा. असं का होतं, ते शब्दाच्या उगमात दिसतं. सर्च हा जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला गोल फिरण्याचा शब्द आहे. वर्तुळाला इंग्रजीत सर्कल म्हणतात, तोही त्याच घराण्यातला. म्हणजे मुळात सर्च करणं म्हणजे एखाद्या जागेभोवती, जागेतून फिरणं. म्हणून सर्चच्या लगेच पुढे ती जागा येते जी पालथी घातली, आणि ज्यासाठी घातली ती वस्तू 'फॉर'चा हात धरून मागून येते. 'सर्च द रूम फॉर द की.' खोली पालथी घाला, किल्लीसाठी.

झडतीवरून आठवलं. रॅन्सॅक हा शब्द तुम्ही चोरीच्या बातम्यांत वाचला असेल, घर उचकटून टाकणं या अर्थी. तो उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्यात 'रान' म्हणजे घर आणि पुढचा भाग शोधण्याचा. अक्षरशः घरझडती! इतक्या दूरच्या भाषेत आपलाच समास जसाच्या तसा भेटला की मला फार आनंद होतो.

रोजच्या हरवाहरवीला सर्च फॉर जरा जड पडतो. चष्म्यासाठी, पेनासाठी, फाइलसाठी लुक फॉर पुरतो. माणसं कामाला लावून, पद्धतशीर, बराच वेळ चाललं असेल तर सर्च फॉर. शब्दकोशात एखादा शब्द पाहायचा असेल तर लुक अप. वस्तू आहे हे ठाऊक आहे आणि नेमकी जागा तेवढी काढायची आहे, तिथे लोकेट, म्हणजे ठावठिकाणा लावणं. पावलापावलाने मागे जात पोचायचं असेल तर ट्रेस, म्हणजे माग काढणं. सहज नजरेस पडलं तर कम अक्रॉस. गर्दीतून नेमकं हेरलं तर स्पॉट. यांत फार अडकू नका, वाचता वाचता ते आपोआप बसतात.

सीकचं वेगळं आहे. शब्दकोशात त्याच्यापुढे 'शोधणे' लिहिलेलं असलं तरी आजच्या इंग्रजीत तो बहुतेक वेळा 'मागणे' असतो. परवानगी मागणं, मदत मागणं, न्याय मागणं, आसरा मागणं, सल्ला मागणं. तुम्ही मला पत्र लिहिलंत, ते सीकिंग ॲडव्हाइस. जी गोष्ट हातात धरता येत नाही आणि बहुधा दुसऱ्याने द्यायची असते, ती सीक करतात. मुलांच्या लपंडावाच्या इंग्रजी नावात तो जुन्या अर्थाने टिकून राहिला आहे. एरवी 'आय ॲम सीकिंग माय ग्लासेस' म्हटलं तर पोथीतलं वाक्य वाटतं.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. त्याच्यासाठी मला थोडं आकाशात जावं लागेल.

डिस्कव्हर या शब्दात कव्हर उघडउघड दिसतंय. कव्हर काढणं, झाकलेलं उघडं करणं, हा त्याचा मूळ अर्थ. जुन्या इंग्रजीत 'गुपित सांगून टाकणं' यालाही डिस्कव्हर म्हणत. बुद्धिबळात तो अर्थ अजून जिवंत आहे. आपला एक मोहरा बाजूला सरकतो आणि त्याच्या मागे दडलेल्या दुसऱ्या मोहऱ्याचा शह उघडा पडतो, त्याला डिस्कव्हर्ड चेक म्हणतात. तिथे कोणी काही शोधलेलं नसतं, फक्त आड आलेलं दूर झालेलं असतं. म्हणजे डिस्कव्हर करायला ती गोष्ट आधीपासून तिथे असावी लागते.

पण नुसती दिसली म्हणजे झाली का? नाही. गॅलिलिओने डिसेंबर १६१२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १६१३ मध्ये गुरूचे चंद्र पाहताना त्यांच्या जवळ एक ठिपका वहीत नोंदवला. त्याने तो तारा समजला. जानेवारीत तर शेजारच्या ताऱ्यापासूनचं त्याचं अंतर आदल्या रात्रीपेक्षा बदललेलं वाटतं, असंही त्याने टिपून ठेवलं. पण तो पुढे गेला. तो ठिपका नेपच्यून होता! त्यानंतर दोनशे तेहतीस वर्षांनी फ्रान्समध्ये ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने युरेनसच्या चालीतल्या गडबडीवरून गणित मांडलं आणि एक न पाहिलेला ग्रह कुठे असायला हवा ते सांगितलं. त्याचं पत्र बर्लिनच्या वेधशाळेत २३ सप्टेंबर १८४६ ला पोचलं. त्याच रात्री तिथला खगोलशास्त्रज्ञ गाले दुर्बिणीला डोळा लावून एकेक तारा सांगत राहिला आणि त्याचा सहकारी दारे ताऱ्यांच्या नव्या नकाशावर तो ताडून पाहत राहिला. तासाभराच्या आत असा एक ठिपका आला जो नकाशावर नव्हता. गणिताने सांगितलेल्या जागेपासून तो एक अंशाच्या आत होता.

या गोष्टीत क्रियापदं कशी वाटली जातात ते पाहा. गॅलिलिओने नेपच्यून पाहिला, म्हणजे सॉ. ल व्हेरिएने भाकीत केलं, म्हणजे प्रेडिक्टेड. गालेने तो शोधला, म्हणजे लुक्ड फॉर, आणि त्याला तो सापडला, म्हणजे फाउंड. नेपच्यूनच्या डिस्कव्हरीचं साल मात्र १८४६ दिलं जातं, १६१२ नाही. कारण डिस्कव्हर म्हणजे जे दिसलं ते काय आहे हे उमगणं. मराठीत 'शोध लागला'पेक्षा 'उलगडा झाला' त्याच्या अधिक जवळ जातो, असं मला अनेकदा वाटतं.

कणभौतिकीत तर हा शब्द उच्चारायला आकड्याची अट आहे. खूण निव्वळ योगायोगापेक्षा किती ठळक आहे, ते तिथे सिग्मा या मापात मोजतात. प्रयोगात नव्या कणाची खूण दिसली तरी ती ३ सिग्माइतकी ठळक असेल तर नुसता पुरावा म्हणायचं. ५ सिग्मा ओलांडले की मगच डिस्कव्हरी. ५ सिग्मा म्हणजे, कण नसतानाही निव्वळ योगायोगाने इतकी ठळक खूण उमटण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत १. हिग्ज बोसॉनसारखा नवा कण मिळाल्याचं सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतून ४ जुलै २०१२ ला जाहीर झालं, ते ही पायरी गाठल्यावरच.

डिटेक्ट हा शब्द मुळात डिस्कव्हरचाच भाऊ आहे. त्यातही लॅटिनमधला झाकण्याचा शब्द आहे आणि पुढे 'काढून घेणं'. पण दोघांनी कामं वाटून घेतली. डिटेक्टला साध्या डोळ्यांपलीकडचं काहीतरी लागतं, एखादं उपकरण किंवा तयार झालेली नजर, कान, नाक. धुराचा डिटेक्टर असतो. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून पसरणारे गुरुत्वाकर्षणाचे तरंग, असतील हे आइन्स्टाइनने १९१६ मध्येच मांडलं होतं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या दोन उपकरणांनी त्या पहिल्यांदा टिपल्या, आणि त्याचं वर्णन मुख्यतः डिटेक्शन असंच केलं जातं. 'टिपणे' हा त्याला फार सुरेख मराठी शब्द आहे. माणसांच्या बाबतीत 'जाणवणे' म्हणा. तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत मला जी बोच जाणवली, ती मी इंग्रजीत डिटेक्टनेच सांगितली असती.

आणि इन्व्हेंट? तिथे ती गोष्ट आधी नसतेच. दुर्बिणीसाठी नेदरलँड्समध्ये चष्मे बनवणाऱ्या लिपरशेने १६०८ मध्ये पेटंट मागितलं. गॅलिलिओने तशी दुर्बीण स्वतः बनवली आणि जानेवारी १६१० मध्ये तिच्यातून गुरूचे चार चंद्र पाहिले. दुर्बीण इन्व्हेंट झाली, चंद्र डिस्कव्हर झाले. माणूस जन्मालाच आला नसता तरी ते चंद्र गुरूभोवती फिरतच राहिले असते. दुर्बीण मात्र कुठे झाडाला लागली नसती. मुलीला हेच विचारायला सांगा: माणूस नसता तर ही गोष्ट असती का? कायद्यालाही हा फरक मान्य आहे. १९७३ च्या युरोपीय पेटंट करारात स्पष्ट लिहिलं आहे की नुसती डिस्कव्हरी म्हणजे इन्व्हेन्शन नव्हे.

मराठीत आपण दोन्हीला 'शोध लावला' म्हणतो. हिंदीने इन्व्हेन्शनला 'आविष्कार' शब्द दिला, पण मराठीत आविष्कार असतो गायकाचा, नटाचा, प्रतिभेचा. शिवाय त्याचा संस्कृतातला मूळ अर्थ प्रकट करणं, म्हणजे पुन्हा झाकण काढणंच. गंमत अशी की लॅटिनमध्ये इन्व्हेंटचाही मूळ अर्थ 'समोर येणं, सापडणं' असाच होता. म्हणजे मराठीने जी एकत्र मोट बांधली ती काही अडाणीपणाने बांधली नाही. इंग्रजीत ती पुढे सुटली, मराठीत राहिली. दोन्ही वेगळं सांगायची वेळ आली तर मी सरळ 'तयार केलं', 'बनवलं', 'घडवलं' लिहिते आणि 'शोध' डिस्कव्हरीसाठी राखून ठेवते.

'न्यूटन इन्व्हेंटेड ग्रॅव्हिटी'खाली लाल रेघ का आली, याचं आणखी एक कारण आहे. इन्व्हेंटचा दुसरा अर्थ रचणं, बनाव करणं असा आहे. 'शी इन्व्हेंटेड ॲन एक्स्क्यूज' म्हणजे तिने सबब रचली. त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला त्या वाक्यातून असं ऐकू येतं की गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या डोक्यातून निघालं, खरं तर ते नाहीच! मुलीच्या मनात असं काही नव्हतं, हे मला कळतं आणि बाईंनाही कळलं असेल. पण वाक्य तसं बोलतं.

पुढच्या निबंधात कोलंबस येणार, हे मला आत्ताच दिसतंय, म्हणून सांगून ठेवते. 'डिस्कव्हर्ड अमेरिका' हे वाक्य पाठ्यपुस्तकांनी घोटून घेतलं आहे. पण १२ ऑक्टोबर १४९२ ला तो ज्या बेटावर उतरला तिथे माणसं राहत होती. झाकण होतं ते युरोपच्या डोळ्यांवर. म्हणून डिस्कव्हर लिहिताना कोणाला उलगडलं, हे मनात ठेवावं, आणि मुलीने 'रीच्ड' लिहिलं तर मी तरी तिला पूर्ण गुण देईन. एक्सप्लोअर हा शब्दही या प्रवासांच्या गोष्टींत भेटतो. सर्चला ठरलेली वस्तू असते आणि ती सापडली की काम संपतं. एक्सप्लोअर करणाऱ्याला काय मिळणार हे माहीत नसतं, तो हिंडत, धुंडाळत जातो.

इन्व्हेस्टिगेट आणि रिसर्च तुमच्या पत्रात नाहीत, पण ते सोडवत नाही. इन्व्हेस्टिगेटच्या पोटात लॅटिनमधलं पाऊल आहे, जमिनीवर उमटलेलं. तपास करणारा खरोखरच माग काढत जातो. आणि रिसर्चचा अर्थ 'पुन्हा शोधणे' असा सांगतात तो बरोबर नाही. ज्या फ्रेंच शब्दावरून तो आला त्यातला पहिला भाग 'पुन्हा' म्हणून नव्हता, 'कसून' म्हणून होता. तो शब्द वापरताना 'अ रिसर्च' किंवा 'मेनी रिसर्चेस' लिहू नका, पाण्यासारखा तो मोजला जात नाही. आपल्याकडे संशोधनाला 'गवेषणा' असाही जुना शब्द आहे. त्यात गाय आहे! गो आणि एषणा, हरवलेली गाय शोधायला निघणं. संध्याकाळी एक गाय कमी भरली म्हणून रानात खुरांचे ठसे पाहत जाणारा माणूस डोळ्यांपुढे आणा आणि मग इन्व्हेस्टिगेट म्हणा, तो शब्द पुन्हा कधी विसरणार नाही.

तुमच्या वरिष्ठांना आता लिहायचं झालं तर असं लिहा: 'आय ॲम स्टिल लुकिंग फॉर द फाइल. आय विल राइट टू यू ॲज सून ॲज आय फाइंड इट.' दोन वाक्यांत दोन्ही क्रियापदं आपापल्या जागी आली.

मुलीचं वाक्य मात्र पुसायला लावू नका, वाढवायला सांगा. वस्तू खाली पडतात हे न्यूटनच्या आधी सगळ्यांना माहीत होतंच. त्याने उलगडला तो नियम, फळाला खाली ओढणारं आणि चंद्राला पृथ्वीभोवती फिरवणारं बळ एकच आहे हे सांगणारा, आणि १६८७ मध्ये तो छापला. आणि त्याच न्यूटनने १६६८ मध्ये आरसा बसवलेली एक छोटी दुर्बीण स्वतःच्या हाताने बनवली, पहिली प्रत्यक्ष चालणारी. म्हणजे तिला लिहिता येईल, 'न्यूटन डिस्कव्हर्ड द लॉ ऑफ ग्रॅव्हिटेशन अँड इन्व्हेंटेड अ न्यू काइंड ऑफ टेलिस्कोप.' तिचा इन्व्हेंटेड जागेवर राहिला, फक्त त्याला दुसरं काम मिळालं.

हे झालं की तिला एक प्रश्न विचारा. न्यूटनने आणि स्वतंत्रपणे लायबनिट्स या जर्मन गणितज्ञानेही कलनशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलस, मांडलं. ते त्यांनी डिस्कव्हर केलं की इन्व्हेंट? माणूस नसता तरी ते असतं का? गणितज्ञ आजही दोन्ही क्रियापदं वापरतात. ती काय म्हणते, ते मला नक्की कळवा.